दिवस भरत आले आहेत; ॲक्युप्रेशरने कळा सुरू होतात का?

प्रश्न : साडेनऊ महिने

माझे हे पहिलेच बाळंतपण असून आज ३९ आठवडे आणि ४ दिवस पूर्ण झाले आहेत. बाळाचे डोके खाली आहे, रक्तदाब आणि साखर व्यवस्थित आहे, वारेची जागाही योग्य आहे. मात्र परवाच्या तपासणीत डॉक्टरांनी पिशवीचे तोंड अजून बंद आणि घट्ट असल्याचे सांगितले. ४१ आठवड्यांपर्यंत आपोआप कळा आल्या नाहीत, तर दाखल करून औषधाने कळा आणू, असेही त्या म्हणाल्या. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. सलाईन लावून आणलेल्या कळा फार तीव्र असतात आणि शेवटी शस्त्रक्रियाच करावी लागते, असे मी आजवर अनेकींकडून ऐकले आहे.

एका मैत्रिणीने मला ॲक्युप्रेशरच्या बिंदूंचा तक्ता पाठवला. त्यात घोट्याच्या वर आतल्या बाजूला चार बोटांवर असलेला बिंदू आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधला बिंदू दाबण्यास सांगितले आहे. गेले दोन दिवस मी हे बिंदू दिवसातून चार-पाच वेळा दाबते आहे. कळा आल्या नाहीत, पण उजव्या पायावर अंगठ्याएवढा काळानिळा डाग मात्र पडला आहे. त्यातच दुसऱ्या एका पुस्तकात, गरोदर स्त्रीने हेच दोन बिंदू कटाक्षाने टाळावेत, असे वाचले. जे आठव्या महिन्यात घातक, ते चाळिसाव्या आठवड्यात उपयोगी कसे? याने खरोखरच कळा सुरू होतात का, आणि बाळाला काही अपाय तर होणार नाही ना?

उत्तर : दोन लेकरांची आई

ताई, मी या वाटेने एकदा जाऊन आले आहे, म्हणून लिहिते. पहिल्या खेपेला तारीख उलटून गेल्यावर मी आणि माझ्या जाऊबाईंनी मिळून हे बिंदू सलग सहा दिवस दाबले. सहाव्या रात्री कळा सुरू झाल्या आणि पुढची तीन वर्षे मी भेटेल त्या गरोदर बाईला हा उपाय सांगत सुटले. दुसऱ्या खेपेला थोरल्याच्या मागे धावण्यात बिंदूंची आठवणही राहिली नाही, आणि कळा तारखेच्या दोन दिवस आधीच आल्या. त्या दिवशी माझ्या लक्षात आले की, पहिल्या पाच रात्रींचे अपयश मी हिशेबात धरलेच नव्हते.

तरीही ते सहा दिवस वाया गेले, असे मी म्हणणार नाही. रात्री पाय चेपून घेताना मन निवत असे, आणि पुढे प्रत्यक्ष कळांच्या वेळी जाऊबाईंनी कमरेखाली दिलेला दाब मला इतका सुखावह वाटला की, त्यांचा हात निघाला की मी ओरडत असे. तुमच्या पायावरचा डाग मात्र मला पटला नाही. इतका जोर कशासाठी?

उत्तर : प्रसूतिकक्षातून

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आधी त्या डागाविषयी लिहितो. त्या जागी दाबणे आजपासून थांबवा. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या आठवड्यांत, पायांच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो. दाबामुळे पडलेला साधा डाग काही दिवसांत निवळतो. परंतु एकच पाय सुजणे, पोटरी दुखणे, ती जागा गरम किंवा लाल होणे यांपैकी काही आढळले, तर तेथे चोळू किंवा दाबू नका आणि त्याच दिवशी दाखवा. फुगलेल्या निळ्या शिरांवरही कधी दाब देऊ नये.

आता मूळ प्रश्न. कळा सुरू करण्यासाठी ॲक्युपंक्चर (म्हणजे बिंदूंवर सुया टोचणे) आणि ॲक्युप्रेशर यांचा उपयोग तपासणाऱ्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात २२ चाचण्या आणि ३४५६ स्त्रियांची माहिती होती. शस्त्रक्रियेचे प्रमाण कमी होण्याच्या दृष्टीने दोन्ही पद्धतींचा स्पष्ट फायदा दिसला नाही. सुयांच्या पद्धतीने गर्भाशयमुख, म्हणजे पिशवीचे तोंड, थोडे मऊ होत असल्याची काही चिन्हे होती. नुसत्या दाबाच्या बाबतीत तीही दिसली नाहीत. अशा चाचण्यांत काही स्त्रियांना खरा बिंदू आणि काहींना भलतीच जागा दाबण्यास देतात, आणि त्याचे कारण वर ‘दोन लेकरांची आई’ यांनी स्वतःच्या अनुभवातून सांगितले आहे. चाळिसाव्या आठवड्यात काहीही केले, किंवा काहीच केले नाही, तरी बहुतेक स्त्रियांना पुढच्या काही दिवसांत कळा येणारच असतात. म्हणून त्या दिवसांत जे काही केले असेल, त्याला श्रेय मिळून जाते.

दाबाने कळा का आणता येत नाहीत, हे समजण्यासाठी गर्भाशयमुखाकडे पाहावे लागते. आठ-नऊ महिने ते नाकाच्या शेंड्यासारखे घट्ट आणि लांब असते. प्रसूती जवळ आली की प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांच्या प्रभावाने त्याचे तंतू सैल होतात, ते ओठासारखे मऊ पडते आणि आखूड होते. त्याच काळात गर्भाशयाचे स्नायू ऑक्सिटोसिन या कळा आणणाऱ्या संप्रेरकाला अधिक प्रतिसाद देऊ लागतात. ही तयारी अनेक दिवस आतल्या आत चालते आणि तिची सूत्रे बऱ्याच अंशी बाळ व वार यांच्याकडे असतात. आम्ही तपासणीत मुख किती उघडले आहे, त्याची लांबी, मऊपणा, दिशा आणि डोके किती खाली आले आहे, या पाच गोष्टींना गुण देतो. त्याला बिशप गुणांक म्हणतात. गुण आठ किंवा अधिक असतील, तर कळा आणणे सहसा सोपे जाते. गुण कमी असतील, तर थेट सलाईन न लावता आधी जेल, गोळी किंवा छोटा फुगा वापरून मुख तयार करून घेतात.

आता सलाईनच्या कळा आणि शस्त्रक्रिया यांविषयीची भीती. औषधाने आणलेल्या कळा अनेकींना अधिक तीव्र वाटतात, हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. वेदनाशमनाचे उपाय मात्र त्याही वेळी उपलब्ध असतात. दुसरी समजूत तितकीशी खरी नाही. अमेरिकेत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अराइव्ह या चाचणीत, पहिलटकरीण असलेल्या आणि कोणतीही गुंतागुंत नसलेल्या ६१०६ स्त्रियांचे दोन गट केले होते. ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्या गटात शस्त्रक्रियेचे प्रमाण १८.६ टक्के होते, तर वाट पाहिलेल्या गटात ते २२.२ टक्के होते. यावरून प्रत्येकीने ३९ व्या आठवड्यात दाखल व्हावे, असे मी म्हणत नाही. पण कळा आणल्या म्हणजे शस्त्रक्रिया ठरलेलीच, ही धास्ती सोडून द्यावी. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली ४१ आठवड्यांची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीला धरूनच आहे, कारण त्यापुढे वारेची क्षमता कमी होत जाण्याची आणि बाळाला धोका वाढण्याची शक्यता असते.

मात्र हे ४१ आठवडे नेमके मोजलेले असावेत. दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळे शंभरात चार-पाच असतात. पाळी अनियमित असेल, तर पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीवरून काढलेली तारीख अधिक विश्वासार्ह मानावी. आपली तारीख कशावरून काढली, हे पुढच्या भेटीत अवश्य विचारा.

त्याच भेटीत स्वीपिंगबद्दलही विचारा. यात तपासणी करताना बोट मुखातून आत नेऊन बाळाभोवतीच्या पाणमोटेचा पडदा गर्भाशयाच्या खालच्या भागापासून हलकेच सोडवतात, त्यामुळे तेथे प्रोस्टाग्लँडिन मोकळे होते. कॉक्रेनच्या २०२० च्या आढाव्यानुसार, स्वीपिंग केलेल्या दर हजार स्त्रियांपैकी सुमारे ७२३ जणींना आपोआप कळा आल्या. न केलेल्यांत हे प्रमाण ५९८ होते. प्रक्रिया काहीशी दुखते, नंतर थोडा रक्ताळ स्राव आणि अनियमित कळा येऊ शकतात, आणि मुख पूर्ण बंद असेल तर ती करता येत नाही. तरीही औषधाविना काही करून पाहायचे असेल, तर माझे मत बिंदूंपेक्षा याच्या बाजूने पडेल. कळा याव्यात म्हणून एरंडेल मात्र घेऊ नका. त्याने जुलाब आणि मळमळ होते आणि ऐन प्रसूतीच्या तोंडावर अंगातले पाणी कमी होते.

आणखी एक, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. दिवस भरले की बाळ कमी हलते, हा समज चुकीचा आहे. हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, पाणमोट फुटली, रक्त गेले किंवा डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा. ज्यांची वार खाली आहे, आधी शस्त्रक्रिया झालेली आहे, रक्तदाब वाढलेला आहे, जुळी आहेत किंवा बाळ आडवे अथवा पायाळू आहे, त्यांनी घरच्या घरी कळा आणण्याचा कोणताही प्रयत्न करू नये.

उत्तर : हातगुण

मी गेली अनेक वर्षे ॲक्युप्रेशर शिकवते, त्यामुळे माझे उत्तर पूर्णपणे निःपक्षपाती असेल, असा दावा मी करणार नाही. डॉक्टरांनी मांडलेल्या निष्कर्षाशी माझा फारसा वाद नाही. चाचण्यांत बिंदू, दाबण्याचा काळ आणि दिवसांची संख्या यांत इतकी तफावत असते की त्यांची बेरीज करणे कठीण जाते, एवढेच मी म्हणेन. पण ज्या स्त्रीच्या शरीराची तयारी झालेली नाही, तिला दाबाने कळा आल्याचे मीही खात्रीने सांगू शकत नाही, आणि तसे वचन देऊन पैसे घेणाऱ्यांपासून दूर राहावे.

तुम्हाला पडलेला विरोधाभासाचा प्रश्न अगदी योग्य आहे. घोट्यावरच्या बिंदूला चिनी परंपरेत सान-यिन-जियाओ आणि हातावरच्या बिंदूला हे-गू म्हणतात. गरोदरपणात ते वर्ज्य मानण्यामागे एक जुनी कथा सांगतात : पाचव्या शतकातील एका राजपुत्राला एका गरोदर स्त्रीच्या पोटातील अपत्य मुलगा की मुलगी हे लगेच पाहायचे होते आणि तिचे पोट चिरण्यासाठी तो उतावीळ झाला होता, तेव्हा सोबतच्या वैद्याने तिला वाचवण्यासाठी याच दोन बिंदूंवर सुया टोचून गर्भ पाडून दाखवला. कथा भयंकर आहे आणि ती कथाच आहे. पण सुईसंबंधीचा तो निषेध पुढे अंगठ्याच्या दाबालाही लागू झाला, आणि त्यातूनच उलट समजूत निघाली की जे गर्भ पाडू शकते, ते कळाही आणू शकेल. म्हणजे तुमचा तक्ता आणि तुमचे पुस्तक यांचे मूळ एकच आहे. मी स्वतः ३७ आठवड्यांच्या आत हे बिंदू कोणाला दाबू देत नाही. सावधगिरीला काही खर्च येत नाही.

जेथे दाबाचा खरा उपयोग मी पाहिला आहे, ती वेळ कळा सुरू झाल्यानंतरची. डॉक्टरांनी उल्लेखलेल्या संस्थेनेच प्रसूतीतील वेदनांवर २०२० मध्ये वेगळा आढावा काढला आहे. त्यात ॲक्युप्रेशरने वेदनेची तीव्रता काहीशी कमी होऊ शकते, असे म्हटले आहे. पुरावा फार भक्कम नाही, पण माझा भर नेहमी याच बाजूवर असतो, आणि ते शिकण्यासाठी तुमच्याकडे अजून आठवडाभर तरी आहे.

प्रश्नकर्ती : साडेनऊ महिने

सर्वांचे मनापासून आभार. घोट्यावर दाबणे मी थांबवले आहे. पाय सुजलेला किंवा गरम नाही. माझी तारीख दहाव्या आठवड्यातील सोनोग्राफीवरूनच काढली होती, हे फाइल उघडून पाहिल्यावर समजले, म्हणजे तेथे घोळ नाही. परवाच्या भेटीत स्वीपिंगविषयी विचारणार आहे. कळा आणण्यासाठी नव्हे, तर कळांच्या वेळी यजमानांना कमरेवर दाब देता यावा, म्हणून नेमकी जागा कशी ओळखायची, हे ‘हातगुण’ सांगतील का? कालच्या प्रयत्नात त्यांनी थेट मणक्यावरच जोर दिला.

उत्तर : हातगुण

मणक्यावर कधीच नको. खुर्चीवर उलट्या बसा, म्हणजे तोंड खुर्चीच्या पाठीकडे आणि हात त्या पाठीवर टेकलेले. नितंबांमधली रेघ जेथे सुरू होते, तेथून तर्जनीच्या लांबीइतके वर जाऊन मधल्या रेघेपासून दोन्ही बाजूंना एकेक अंगठ्याची रुंदी सोडावी. तेथे हाडात बारीक खळगा लागतो आणि दाबल्यावर खोल, बोथट अशी जाणीव होते. ती जाणीव नसेल, तर बोट थोडे इकडेतिकडे सरकवावे. कळ चढू लागली की दोन्ही अंगठे किंवा मुठीचे सांधे टेकवून यजमानांनी हाताच्या स्नायूंऐवजी शरीराच्या वजनाने पुढे झुकावे, कळ ओसरली की दाब सोडावा. असे केल्यास दोन तासांनंतरही त्यांचे मनगट भरून येणार नाही. किती जोर हवा, हे तुम्ही सांगायचे, त्यांनी ठरवायचे नाही; बहुतेकींना सुरुवातीच्या कळांत हलका आणि पुढे बराच जास्त दाब हवासा वाटतो, आणि काहींना ऐन वेळी स्पर्शच नकोसा होतो, तेव्हा हात लगेच काढून घ्यावा. आज फक्त जागा शोधण्याचा आणि झुकण्याचा सराव करा, पाच मिनिटे पुरेत. आणि त्यापूर्वी त्यांना नखे कापायला सांगा.