‘लेट फादर’ आणि झोपेतलं बाळ
इंग्रजीत विशेषण नामाच्या आधी लावा नाहीतर नंतर, अर्थ तोच, असं म्हणतात. बहुतेक वेळा खरंय, पण ‘लेट’नं माझी चांगलीच जिरवली. सांगलीत विश्रामबागला शिकवणी घेतो. आठवीतल्या पोरानं लिहिलं, ‘माय लेट फादर केम ॲट सेव्हन.’ मी गारच! वडील तर खाली गाडीला किक मारत होते. माणसाबद्दल नामाआधी ‘लेट’ म्हणजे कैलासवासी, त्याला म्हणायचं होतं उशिरा आलेले.

‘अस्लीप’ (झोपलेलं) तर नामाआधी येतच नाही, ‘अस्लीप बेबी’ म्हणत नाहीत. त्याचं कारण मात्र इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीतल्या ‘ऑन’ला ‘स्लीप’ चिकटून तो झाला, अर्थ ‘झोपेत’. ‘अलाइव्ह’ही तसाच. आपण ‘बाळ झोपेत आहे’ म्हणतो, पण नामाआधी ‘झोपेतलं’ करावं लागतं. तसंच इंग्रजीत तिथं ‘स्लीपिंग बेबी’. पोरांना हे असं सांगितलं की लगेच पटतं, नियम पाठ करून नाही.