मदत हवी आहे: कवंडळाच्या फळातून निघालेली फळमाशी ओळखता येत नाही. नवीन प्रजाती असू शकेल का?

नमस्कार मंडळी,

मी सिंधुदुर्गात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. घरामागच्या कुंपणावर कवंडळाचा, म्हणजे काकडीच्या कुळातला रानटी वेल आहे. त्याची काही फळं डागाळून मऊ पडली होती, ती वाळूच्या थरावर ठेवून बरणीचं तोंड मलमलीने बांधलं. अळ्या फळातून बाहेर पडून टुणटुण उड्या मारत वाळूत शिरल्या आणि आठवडाभराने माश्या निघाल्या. रंग पक्का व्हावा म्हणून साखर-पाण्यावर चारेक दिवस जगवल्या, मग टाचणीवर लावल्या.

भिंगातून दिसतं ते असं: पाठीवर तीन पिवळे पट्टे, दोन कडेला आणि एक मधोमध. स्कुटेलम (पाठीच्या मागच्या टोकाचा त्रिकोणी भाग) पिवळं, त्यावर चार राठ केस. पंखाच्या पुढच्या कडेची काळी पट्टी टोकाला रुंदावते, पण आडव्या शिरा स्वच्छ आहेत. काकडी-दोडक्यावरची नेहमीची झ्युगोडॅकस कुकरबिटी ही नव्हे, कारण तिच्या स्कुटेलमवर सहसा दोनच केस असतात आणि पंखातली आडवी शीर काळपट असते. झ्युगोडॅकस टाऊ जवळची वाटते. पण माझ्या माश्यांच्या मधल्या आणि मागच्या मांड्यांचा टोकाकडचा अर्धा भाग काळा आहे, आणि तो सगळ्याच माश्यांत आहे.

ही नोंद न झालेली प्रजाती असू शकेल का? असेल तर वर्णन करायची रीतसर पद्धत काय? आमच्याकडे पडवळ, दोडकी, कारली लावणारे बरेच आहेत. रानवेलीवरची माशी उद्या परड्यात उतरणारी आहे की नाही, हे त्यांच्यासाठी मला कळायला हवं आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

सर, माश्या जगवून मग टाचल्यात हे फार चांगलं केलंत. नुकत्या निघालेल्या फिकट माशीवरून ओळख पटवणं कठीण जातं.

पण मांडीच्या रंगावर एवढ्यात भिस्त ठेवू नका. बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्सचं उदाहरण घ्या. ही माशी 2003 मध्ये केनियात सापडली, 2005 मध्ये नवीन प्रजाती म्हणून तिचं वर्णन झालं आणि आफ्रिकेतल्या फळांच्या निर्यातीवर तिच्या नावाने निर्बंध आले. पुढे डीएनए, आपसातलं मीलन, नराचं फेरोमोन (मादीला खुणावणारं गंधद्रव्य), शरीराची मापं असं सगळं पडताळल्यावर 2015 मध्ये ठरलं की ती आपल्या आंब्यावरची बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिसच आहे. तिच्या पाठीचा रंग काळ्यापासून तांबूसपर्यंत बदलतो, आणि वेगळेपणाच्या खुणांत त्या रंगाचीही गणना झाली होती.

टाऊ गट, म्हणजे टाऊ आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या माश्या, तर याहून किचकट आहे. थायलंडमध्ये गुणसूत्रं तपासल्यावर त्यात वरून सारखीच दिसणारी अनेक रूपं निघाली. म्हणून आधी दुसऱ्या गावातल्या वेलींवरची फळं आणा आणि दोन हंगामांतल्या माश्या जमवा. नर-मादी दोन्ही हवेत. मादीच्या अंडी घालायच्या सुईचं टोक मायक्रोस्कोपखाली बघावंच लागतं. नुसता क्यू-ल्युअरचा (नरांना ओढणाऱ्या वासाच्या आमिषाचा) सापळा लावाल तर नरच मिळतील, त्यामुळे फळातून माश्या काढणं चालू ठेवा. काही माश्या 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. टाचलेल्या माशीच्याही एका पायातून डीएनए काढता येतो, पण रंग बघायला सुक्याच हव्यात.

संदर्भ चाळताना एक लक्षात असू द्या. झ्युगोडॅकस हा स्वतंत्र वंश 2015 पासून धरतात, जुन्या पुस्तकांत याच माश्या बॅक्ट्रोसेरा किंवा डॅकस नावाखाली मिळतील.

प्रतिसाद २

कागदोपत्री बाजू सांगते. एक नमुना होलोटाइप, म्हणजे नावाचा आधार असलेला मूळ नमुना, ठरवायचा, जवळच्या प्रजातींहून तो कशात वेगळा ते लिहायचं आणि लॅटिन धाटणीच्या नावासह प्रसिद्ध करायचं. नियतकालिक फक्त ऑनलाइन असेल तर झूबँकमध्ये (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची ऑनलाइन नोंदवही) नोंदणी हवी, नाहीतर ते नाव धरलं जात नाही. जैवविविधता कायदा, 2002 प्रमाणे नव्या प्रजातीचे नमुने नेमून दिलेल्या संस्थेत जमा करावे लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तिथे आधी पत्र लिहा. बंगळुरूच्या एनबीएआयआर या शेतीतल्या कीटकांवरच्या राष्ट्रीय संस्थेतही फळमाश्यांवर काम चालतं. परदेशातल्या कुणाला परस्पर नमुने पाठवू नका, त्याला परवानगी लागते.

आणि वेलीचा पाना-फुलांसकट नमुना दाबून ठेवा. कवंडळ म्हणून दोन-तीन वेगळ्या वेली ओळखल्या जातात. यजमान वनस्पतीच चुकीची नोंदली तर पुढे दुसऱ्या कुणाला ती माशी शोधता येणार नाही.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. वेलीचा नमुना आजच दाबायला ठेवतो, पत्राचा मसुदाही करतो. कुडाळ, सावंतवाडी, राजापूर भागात कुणाच्या आसपास कवंडळ असेल तर डागाळलेली फळं गावाचं नाव आणि तारीख लिहून ठेवाल का? मी स्वतः येऊन घेऊन जाईन. मादीच्या सुईचे फोटो काढायला कॅमेरा लावलेला मायक्रोस्कोप जवळपास कुठल्या कॉलेजात आहे, तेही कळवा.