शब्दचर्चा: एक्स्ट्रॅक्शन शूटरमधली ‘लूट’, ‘जोखीम’ आणि ‘पदरात पडणे’

कोशवाचक:
एक्स्ट्रॅक्शन शूटर खेळांवर (आत शिरायचं, माल गोळा करायचा आणि जिवंत बाहेर पडलं तरच तो आपला, असे व्हिडिओ गेम) मराठीत लिहायला घेतलं की ‘लूट’ या एकाच शब्दावर फार भार पडतो. पेटीत पडलेली वस्तू लूट, पाठीवरच्या पिशवीत भरली तरी लूट आणि जिवंत बाहेर पडून स्टॅशमध्ये, म्हणजे खेळाडूच्या कायमच्या साठ्यात, जमा झाली तरी लूटच. खेळात मात्र या तीन अवस्था अगदी वेगळ्या आहेत. ‘एस्केप फ्रॉम तारकोव्ह’मध्ये ग्राफिक्स कार्ड पिशवीत टाकलं म्हणून ते तुमचं होत नाही. बाहेर पडेपर्यंत ते कोणाचंही होऊ शकतं. नवख्या वाचकाला हा फरक शब्दांतूनच कळायला हवा.

दुसरा प्रश्न ‘एक्स्ट्रॅक्शन’चा. कोशात निष्कर्षण, उत्खनन, निष्कासन मिळतात. पहिला रसायनशास्त्रातला, दुसरा खाणीतला, तिसरा भाडेकरूला घराबाहेर काढण्याचा. इथे एकही बसत नाही. काय वापरावं?

हिशेबी:
तीन अवस्थांसाठी नामं शोधण्यापेक्षा क्रियापदं पाहा, ती मराठीत तयारच आहेत. माल सापडतो, आपण तो उचलतो, मग बाळगतो आणि बाहेर पडल्यावर तो पदरात पडतो. ‘बाळगणे’ आणि ‘पदरात पडणे’ यांच्या मधल्या अंतरातच हा सगळा खेळप्रकार आहे.

आणि त्या मधल्या अवस्थेतल्या मालाला नामही आहे: जोखीम. आज आपण हा शब्द धोका या एकाच अर्थाने वापरतो, पण जुन्या बोलण्यात ‘जवळ जोखीम आहे’ म्हणजे जवळ पैसा-दागिने आहेत. ज्यामुळे धोका ओढवतो ती वस्तू आणि तो धोका, दोन्ही एकाच शब्दात. पिशवीत ग्राफिक्स कार्ड पडलं की तुमच्याजवळ जोखीम आली. ते येण्याआधी जी वाट तुम्ही बिनधास्त धावत गेला असता, तीच आता चुकीची ठरते.

२०१६च्या ‘द डिव्हिजन’ या खेळातल्या डार्क झोन या भागाने हे नियमातच बसवलं होतं. तिथे सापडलेलं साहित्य दूषित मानलं जाई आणि पिवळ्या पिशवीत वेगळं राही. इशाऱ्याचा फ्लेअर उडवून हेलिकॉप्टर बोलावायचं, दोराला पिशवी अडकवायची, ती वर गेली की मगच तो माल वापरता येई. तोवर तो फक्त बाळगायचा, आणि फ्लेअर पाहून आजूबाजूचे खेळाडू त्याच दोराकडे यायचे.

दबकेपाऊल:
जोखीम पटली, पण एक भेद राहतो. आपण आत नेलेली बंदूक, चिलखत, गोळ्या यांना जोखीम म्हणायचं का? ते तर सापडलेलं नाही.

हिशेबी:
नाही. आत नेलेलं ते ‘पणाला लावलेलं’. हा भेद पाळला तरच हिशेब नीट मांडता येतो, आणि बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो.

समजा एका रेडसाठी, म्हणजे आत जाण्याच्या एका फेरीसाठी, २,००,००० रुबलचा (हे तारकोव्हमधलं चलन) संच पणाला लावला आणि दहापैकी चार वेळा तुम्ही जिवंत परतता. सहा संच गेले, म्हणजे १२,००,००० बुडाले. ते चार परतीच्या फेऱ्यांत भरून काढायचे, तर प्रत्येक परतीला किमान ३,००,०००चा माल पदरात पडायला हवा. त्यात गोळ्या आणि औषधं धरा. ती मेलात तरी खर्च होतात, जगलात तरी होतात. दर रेडला २०,०००ची म्हटली तर दहा रेडचे २,००,०००, म्हणजे प्रत्येक परतीवर आणखी ५०,०००. एकूण ३,५०,०००.

आता संच ८०,०००चा करा. हलक्या संचाने परतीचं प्रमाण घसरेल, दहापैकी तीन धरू. सात संच गेले, ५,६०,०००. तीन परतींत वाटले तर प्रत्येकी सुमारे १,८७,०००. गोळ्या-औषधांवर निम्माच खर्च केला तर त्याचे आणखी ३३,०००. म्हणजे कमी वेळा जगूनही स्वस्त संच कमी मागतो. पण परतीचं प्रमाण दहात एकावर आलं, तर नऊ संचांचे ७,२०,००० एकाच परतीतून काढावे लागतात. तिथे स्वस्त संच महाग पडतो. म्हणून ‘स्वस्तात खेळा’ हा सल्ला अर्धवट आहे. आधी स्वतःचं परतीचं प्रमाण पाहावं, संच मग ठरवावा.

यात विम्यातून परत येणारं धरलेलं नाही.

कोशवाचक:
विम्याचाच प्रश्न पुढे येणार होता. ‘इन्शुरन्स’ला विमा लिहिलं की वाचक नुकसानभरपाई समजतो.

दबकेपाऊल:
आणि तशी ती मुळीच नाही. तारकोव्हमध्ये प्रापोर किंवा थेरपिस्ट या खेळातल्या व्यापाऱ्यांकडे विमा उतरवला, तर पैसे मिळत नाहीत. ती वस्तू कोणी नकाशाबाहेर, म्हणजे त्या रेडच्या मैदानाबाहेर, नेली नसेल, तरच काही वेळाने ती निरोपासोबत परत येते. थेरपिस्ट जास्त पैसे घेते पण लवकर परत पाठवते. निरोपातली वस्तू मुदतीत उचलली नाही तर तीही जाते. ‘द लॅब’ या नकाशावरून विमा उतरवलेलं काहीच परत येत नाही, तिथे विम्यावर घातलेला पैसा वाया.

शब्द ‘विमा’च ठेवावा, खेळाडूंच्या तोंडी तो बसलेला आहे. पण क्रियापद ‘मिळणे’ नको, ‘परत येणे’ हवं. ‘विमा मिळाला’ लिहिलं की अर्थ बिघडतो. ‘हेल्मेट विम्यातून परत आलं’ हे बरोबर.

व्यवहारात यातून तीन गोष्टी निघतात. ज्या वस्तूकडे मारणारा ढुंकून पाहत नाही, तीच परत येते: साधी बंदूक, झिजलेलं चिलखत, मोठी पण स्वस्त पिशवी. महाग दुर्बीण क्वचितच येते. दुसरी, आत जास्त चांगली बंदूक सापडली तर विमा उतरवलेली जुनी वाटेवर न टाकता दाट झुडपात टाकावी. तिसरी, सोबती पडला आणि त्याचं सगळं सामान बाहेर नेणं शक्य नसेल, तर त्याची विमा उतरवलेली बंदूक आणि चिलखत लपवून यावं. याला इंग्रजी बोलणारे विम्याची लबाडी म्हणतात, पण नियमांत ते बसतं. मराठीत ‘झुडपात टाकणे’ एवढंच म्हटलं तरी खेळाडूला कळतं.

कनवटी:
माझं नाव पाहून ओळखलं असेलच, मी सिक्युअर कंटेनरसाठी ‘कनवटी’ सुचवायला आले आहे. कनवटी म्हणजे कमरेच्या वस्त्राची पैसे खोचायची घडी; पैसा कनवटीला लावला की अंगावरून हलत नाही. तारकोव्हमधला हा डबा मेलात तरी तुमच्याकडेच राहतो. त्याचे प्रकार: अल्फा २ गुणिले २, म्हणजे ४ खणांचा. गॅमा ९ खणांचा. ‘कप्पा’ या ग्रीक अक्षराच्या नावाचा १२ खणांचा. ‘आर्क रेडर्स’ या अशाच दुसऱ्या खेळात याच कामाला सेफ पॉकेट आहे.

कोशवाचक:
सेफ पॉकेटला ‘चोरखिसा’ जास्त जवळचा नाही का?

कनवटी:
चोरखिसा लपवलेला असतो. तो सापडला तर रिकामा होतो. इथे लपवाछपवी नाही; समोरच्याला ठाऊक असतं की तुमच्याकडे असा खिसा आहे, पण तो उघडताच येत नाही. म्हणून कनवटी.

आणि कनवटीला काय लावायचं हे खणाच्या दराने ठरवा, एकूण किमतीने नाही. १० खण व्यापणारी ६०,०००ची बंदूक म्हणजे खणाला ६,०००. दोन खणांची ४०,०००ची वस्तू म्हणजे खणाला २०,०००. एका खणात मावणारी ३०,०००ची वस्तू या दोन्हींना मागे टाकते. तोच दर लावून पिशवी भरल्यावरही अदलाबदल करत राहावी: नवी वस्तू आत घ्यायची तर सर्वांत कमी दराची बाहेर.

एक चूक फार दिसते. चांगली वस्तू सापडल्यावर ती पिशवीत टाकून ‘नंतर हलवू’ म्हणतात. ती सापडल्या क्षणी कनवटीला गेली पाहिजे. त्यासाठी आत जातानाच निदान दोन खण रिकामे ठेवा. कनवटी औषधांनी आणि गोळ्यांनी गच्च भरून जाणाऱ्याला ऐन वेळी ती उपसत बसावी लागते. आणि ‘आर्क रेडर्स’मध्ये फुकटचा संच घेऊन गेलात तर सेफ पॉकेट मिळतच नाही. पणाला काही लागत नाही हे खरं, पण सापडलेली प्रत्येक वस्तू शेवटपर्यंत जोखीम राहते.

दबकेपाऊल:
आता ‘एक्स्ट्रॅक्शन’. सुटका नको, त्यात दुसरं कोणीतरी सोडवतं. पळ काढणे नको, कारण पळून बाहेर पडणं ही यातली सर्वांत वाईट पद्धत आहे. ‘निसटणे’ घ्यावं. हातातून वस्तू निसटते, पहाऱ्यातून माणूस निसटतो, दोन्हींत कोणाचं तरी लक्ष चुकवणं आहे. जागेला ‘निसटवाट’ म्हणता येईल. ‘आर्क रेडर्स’मध्ये बाहेर नेणारी लिफ्ट बोलावली की तिचा आवाज दूरवर जातो, उलट किल्ली लागणारं रेडर हॅच शांतपणे उघडतं. त्या हॅचला ‘चोरदरवाजा’ चपखल बसतो.

प्रत्येक निसटवाटेची अट मात्र शब्दांत आली पाहिजे. तारकोव्हच्या ‘रिझर्व्ह’ नकाशावरच्या गटाराच्या तोंडातून पाठीवर पिशवी असेल तर बाहेर पडता येत नाही. त्याच नकाशावरच्या कड्यावरून उतरायला रेड रेबेल नावाची कुदळ आणि पॅराकॉर्ड हा दोर लागतो, आणि अंगात चिलखत चालत नाही. काही ठिकाणी बाहेर नेणाऱ्या गाडीवाल्याला रुबल मोजावे लागतात. भरलेली पिशवी घेऊन गटाराशी पोहोचल्यावर ही अट कळली तर फार उशीर झालेला असतो. म्हणून आत शिरताच दोन वाटा ठरवाव्यात, एक बिनअटीची.

शेवटच्या १०० मीटरमध्ये धावू नये. वजन मर्यादेबाहेर गेलं असेल तर दम लवकर संपतो आणि पावलांचा आवाज वाढतो, तेव्हा कमी दराचा माल आधीच टाकून द्यावा. निसटवाट नजरेत आली की आडोशाला एक-दीड मिनिट नुसतं ऐकावं. दबा धरून बसलेला माणूसही हलतो, औषध लावतो, बंदूक बदलतो. सरळ रस्त्याने न जाता बाजूने जावं, कारण त्याचं तोंड रस्त्याकडे असतं. आणि हे सगळं करायला वेळ हातात हवा. तारकोव्हमध्ये वेळ संपल्यावर आत राहिलात तर ‘बेपत्ता’ ठरता. कनवटीला लावलेलं वगळता बाकी सगळं जातं, कोणी गोळी न झाडताही.

हिशेबी:
‘दबा धरणे’ आणि ‘टपून बसणे’ वेगळे ठेवावेत. दबा निसटवाटेवर धरतात, टपून मालाच्या खोलीवर बसतात. ‘हंट: शोडाउन’ या खेळात बाउंटी, म्हणजे इनामाचा माल, उचलणाऱ्याची जागा नकाशावर इतरांना दिसते, त्यामुळे तिथे तिसराच प्रकार: पाठलाग. तिथे जोखीम स्वतःच ओरडून पत्ता सांगते.

कोशवाचक:
‘गिअर फिअर’? चांगली बंदूक स्टॅशमध्ये ठेवून कायम फुटकळ घेऊन जाणारे.

कनवटी:
बंदुकीत जीव अडकणे. किंवा ‘हात आखडणे’. दुसरा जास्त नेमका, कारण त्यात देता येत असून न देणं आहे. वर हिशेबी यांनी दिलेला हिशेब हाच त्यावरचा उपाय: संचाची किंमत ठरवून एकसारखे पाच संच आधीच बांधून ठेवावेत. मग एक बंदूक गेल्याचं दुःख उरत नाही, पाचातला एक संपला एवढंच. पाचही गेले तर थांबून परतीचं प्रमाण पुन्हा मोजावं.

रिकामीपिशवी:
एक बारीक शंका. ‘रेड’ स्त्रीलिंगी की पुल्लिंगी? आणि ‘लूट’चं अनेकवचन?

कोशवाचक:
‘रेड’ बोलण्यात स्त्रीलिंगीच ऐकू येतो: ‘रेड लांबली’, ‘दुसरी रेड’. तेच ठेवू. ‘लूट’ समूहवाचक म्हणून एकवचनातच वापरावी. वस्तू मोजायच्या तर ‘माल’ किंवा ‘ऐवज’. पदरात पडल्यावर स्टॅशमध्ये जमतो तो ऐवज, आणि दुसऱ्याने तुमच्या अंगावरून नेला तर लंपास. बातम्यांत ही जोडी नेहमी दिसते, इथेही जशीच्या तशी चालते.