पेशी 'म्हातारी' होते, 'जीर्ण' होते की 'पिकते'?

कुतूहल
पेशींवरच्या एका लेखाचं मराठी करतोय आणि 'सेनेसन्स'पाशी अडलोय. 'एजिंग'ला वार्धक्य लिहून मोकळा झालो, आता सेनेसन्सला काय लिहू? दोन्हीकडे वार्धक्य घातलं तर अर्थाचा घोळ होतो, कारण अशा पेशी तरुण शरीरातही असतात असं लेखात पुढे येतं. बातम्यांत 'झॉम्बी पेशी' वाचलंय, पण हात धजत नाही.

सूक्ष्मदर्शी
वार्धक्य नकोच. इथे मुद्दा वयाचा नाही, विभाजन कायमचं थांबण्याचा आहे. लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या तर साधारण ५० वेळा दुभंगतात आणि मग थांबतात. थांबतात, मरत नाहीत. तोवर पेशी अमर असते अशीच समजूत होती. अलेक्सिस कॅरेल यांनी १९१२ मध्ये सुरू केलेलं कोंबडीच्या गर्भातल्या पेशींचं संवर्धन १९४६ पर्यंत चालल्याचं सांगितलं जायचं, त्याचा हा प्रताप.

आणि थांबलेली पेशी गप्प बसत नाही. दाह वाढवणारी द्रव्यं आजूबाजूला सोडत राहते. जखम भरताना ती उपयोगी पडते, कर्करोगाला आवर घालते, पण साठत गेली की शेजाऱ्यांना बिघडवते. २०११ मध्ये जनुकीय बदल केलेल्या उंदरांच्या शरीरातून अशा पेशी काढून टाकल्या, तेव्हा म्हातारपणाच्या काही तक्रारी लांबल्या. या पेशी वेचून मारणारी औषधं शोधण्याची धडपड त्यानंतर वाढली.

धातुपाठ
'जीर्ण पेशी' का नको? 'जॄष् वयोहानौ' या धातूपासून जरा, जर्जर, जीर्ण हे सगळे आले. शब्द शास्त्रशुद्धही आणि ओळखीचाही.

सूक्ष्मदर्शी
जीर्ण म्हटलं की विरलेलं कापड डोळ्यांसमोर येतं. या पेशी विरलेल्या नसतात हो. उलट फुगून मोठ्या होतात आणि भरपूर प्रथिनं बनवून बाहेर टाकतात.

धातुपाठ
मान्य. पण जीर्ण टाकून देऊ नका, दुसरीकडे कामाला येईल. याच धातूला पचण्याचाही अर्थ आहे. म्हणून न पचलेलं ते अजीर्ण, आणि आपलं 'जिरणं'ही तिथलंच. झिजणं आणि पचणं यांना एकच धातू का, हे कोडं मला कॉलेजपासून छळतंय.

सूक्ष्मदर्शी
मग हे ऐका. पेशीत लयकारिका नावाचं अंगक असतं, ख्रिश्चन द दूव यांनी १९५५ मध्ये ओळखलेलं. पेशी आपलेच मोडके भाग तिथे नेऊन पचवते. त्या क्रियेला 'ऑटोफॅजी', म्हणजे स्वभक्षण, हे नाव त्यांनीच १९६३ मध्ये दिलं. योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये पचवणारी विकरं (एन्झाइम) नसलेल्या पेशी घेतल्या आणि त्यांना उपाशी ठेवलं. यीस्टमध्ये लयकारिकेचं काम करणाऱ्या रिक्तिकेत न पचलेल्या पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, गच्च साठलेल्या दिसल्या. थोडक्यात, मुद्दाम अजीर्ण घडवून त्यांनी पचन पाहिलं! त्या कामाला २०१६ चं नोबेल मिळालं. वय वाढतं तशी ही क्रिया बऱ्याच ऊतींत मंदावते. चेतापेशींत आणि हृदयाच्या पेशींत लिपोफ्युसिन नावाचा पिवळट-तपकिरी गाळ साठत जातो. तो लयकारिकांना न जिरलेला ऐवज असतो.

धातुपाठ
म्हणजे पेशीची जरा हे निदान काही अंशी पेशीचं अजीर्ण आहे! (प्राचीनांना लयकारिका ठाऊक होती असं कुणी म्हणू नये. धातूचे अर्थ आपोआप पसरतात.)

शेंडेफळ
झॉम्बीची मात्र मजा वाटते. मराठीत अनुस्वार देऊन 'झोंबी पेशी' केलं तर शेजाऱ्यांना झोंबणाऱ्या पेशी, अर्थ चपखल बसतो. पण मला सुचतं ते 'पिकलेली पेशी'. पान पिकतं, केस पिकतात, माणूस पिकतो. आणि गळूही पिकतं, म्हणजे तुमचा दाहही त्यात आला.

सूक्ष्मदर्शी
वा! आणि पानावरून आठवलं. पेशी ठरल्याप्रमाणे स्वतःला आवरून मरते, त्या 'अपॉप्टोसिस'चं नाव १९७२ मध्ये ग्रीकमधून घेतलं. अर्थ आहे गळून पडणं, झाडाच्या पानासारखं. म्हणजे सेनेसन्ट पेशी हे पिकूनही न गळणारं पान. जोडी जमली: पिकणं आणि गळणं.

कुतूहल
संस्कृतात 'पक्व पेशी' करू का? लेख जरा भारदस्त आहे.

सूक्ष्मदर्शी
अजिबात नको. पक्व पेशी म्हणजे पूर्ण वाढ होऊन आपल्या कामाला लागलेली, असा अर्थ रुळलाय. तांबड्या रक्तपेशींबद्दल रोज वापरतो. इथे संस्कृत केलंत की पुन्हा पहिल्याच घोळात.

कुतूहल
ठीक. पहिल्या उल्लेखाला 'विभाजन थांबलेल्या, म्हणजेच पिकलेल्या पेशी' आणि पुढे नुसतं 'पिकलेल्या पेशी'. लयकारिकांच्या परिच्छेदाला 'पेशीचं अजीर्ण' असं उपशीर्षक देतोय.

शेंडेफळ
'पिकल्या पेशी' करा. 'पिकलं पान' म्हणतो तसं. 'लेल्या' वाचताना अडखळायला होतं.

धातुपाठ
'पिकल्या पेशी' हे वाक्यही होतं, 'आंबे पिकले' तसं. 'लेल्या' राहू द्या.