मदत हवी आहे: मालिकांच्या गोमंतकीय प्रेक्षकांवरील हौशी माहितीपटात मूळ मालिकांची दृश्ये कितपत वापरता येतील?

नमस्कार मंडळी,

फोंडा आणि डिचोली तालुक्यांतील आम्ही काही मालिकाप्रेमी मिळून एक हौशी माहितीपट करीत आहोत. मराठी मालिकांविषयी गोव्यात घरोघरी जी चर्चा चालते ती नोंदवून ठेवावी, एवढाच मूळ हेतू होता. मुलाखती घेता घेता विषय बराच वाढला. 1999 मध्ये अल्फा टीव्ही मराठी सुरू झाल्यावर 'आभाळमाया'साठी केबलची जोडणी घेतलेली कुटुंबे, 2016 मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाल्यावर त्यातली मालवणी ऐकून हरखलेले आणि पुढे तिचे चित्रीकरण झालेला आकेरीचा वाडा पाहून आलेले पेडण्याचे प्रेक्षक, वर्षा उसगावकर पडद्यावर आल्या की "आमच्या गोव्याची" म्हणून आजही हक्काने टीका करणाऱ्या आजीबाई, असे सारे त्यात आले आहे.

सर्वांत बोलका भाग 2021 चा आहे. त्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रातील निर्बंधांमुळे चित्रीकरण थांबले आणि काही मालिकांची युनिटे गोव्यात आली. मे महिन्यात येथेही साथ भडकली, चित्रीकरणाला विरोध झाला आणि एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाने दिलेल्या परवानग्या रद्द केल्या. एकाच वाड्यावरच्या दोन शेजारणी आमच्या कॅमेऱ्यासमोर यावरून अक्षरशः भांडल्या. आपल्या घरासमोरचा रस्ता मालिकेत दिसला याचे एकीला अजून अप्रूप आहे. इस्पितळात खाट मिळण्याची मारामार असताना दिवे लावून लग्नाचे प्रसंग रंगवले गेले, हे दुसरीला अजून पचलेले नाही. दोघींचेही म्हणणे आम्ही न कापता ठेवणार आहोत.

अडचण अशी की, या बोलण्याला मूळ दृश्यांची जोड नसेल तर परक्या प्रेक्षकाला काहीच उमगत नाही. प्रसिद्धीसाठी केलेल्या छोट्या चित्रफितीत आम्ही एका मालिकेचे शीर्षकगीत घातले, तर यूट्यूबवर तत्काळ हक्कधारकांचा दावा आला आणि आवाज बंद करावा लागला. माहितीपटातून आम्हांला एक पैसाही मिळवायचा नाही. तरीही दृश्ये वापरण्यास परवानगी लागते का, लागत असल्यास ती कोणाकडे मागावी आणि पावसाळ्यानंतर गावच्या सभागृहात खेळ लावायचा झाल्यास आणखी काय करावे लागेल, हे जाणकारांनी सांगावे.

दुसरा प्रश्न तांत्रिक आहे. म्हार्दोळच्या एका काकींनी जुने भाग व्हीएचएस कॅसेटांवर उतरवून ठेवले आहेत. प्रत्येक कॅसेटच्या कडेला निळ्या शाईत भागाचा विषय लिहिलेला आहे ("लग्न मोडले", "पत्र सापडते"), आणि जाहिराती लागल्या की त्या पॉजचे बटण दाबत असल्यामुळे दर काही मिनिटांनी चित्र किंचित उडते. काही कॅसेटांच्या खिडकीतून फितीवर पांढरट पूड दिसते. अशा कॅसेटा व्हीसीआरमध्ये घालाव्यात का?

प्रतिसाद

विषय फार चांगला आहे. मी वकील नाही, संकलनाचे काम करतो, आणि या प्रश्नांशी रोज गाठ पडते म्हणून लिहितो.

पैसे मिळवायचे नाहीत म्हणून परवानगी लागत नाही, हा समज आधी सोडावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये समीक्षा, परीक्षण, संशोधन आणि चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी कृतीचा वाजवी वापर करण्याची मुभा आहे, आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर चित्रपट व ध्वनिमुद्रणेही तिच्या कक्षेत आली. मात्र किती सेकंद चालतील, याचा आकडा कायद्यात कोठेही नाही. "तीस सेकंदांपर्यंत चालते" हे आपल्याकडे अनेकजण छातीठोकपणे सांगतात, त्याला आधार नाही. दृश्य कशासाठी वापरले, किती वापरले आणि त्यामुळे मूळ मालिकेच्या बाजाराला धक्का बसतो का, हे पाहिले जाते. त्यामुळे शेजारीण ज्या प्रसंगाविषयी बोलते आहे तोच प्रसंग, तिचे बोलणे त्यावर चालू ठेवून, लागेल तेवढाच दाखवला तर आपली बाजू भक्कम राहते. दोन मुलाखतींच्या मधली जागा भरण्यासाठी सुंदर दृश्य टाकले की ती ढासळते.

मालिका जुनी झाली म्हणून मोकळी होत नाही. वाहिनीचा प्रक्षेपणावरचा हक्क 25 वर्षांचा असतो, त्यामुळे 1999 मधील प्रक्षेपणाचा तो हक्क 2024 अखेर संपला; परंतु खुद्द चित्रित कृतीवरचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून 60 वर्षे टिकतो, म्हणजे तेच भाग 2059 अखेरपर्यंत संरक्षित आहेत. शीर्षकगीताचे तर शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण अशा तिन्हींवर वेगवेगळे हक्क असतात, म्हणून ते सरळ वगळावे. एखाद्या मुलाखतीत काकूंनी स्वतः दोन ओळी गुणगुणल्या तर तेच ठेवावे. मला विचाराल तर माहितीपटाला ते अधिक शोभेल.

यूट्यूबवर स्वयंचलित यंत्रणेने केलेला दावा आणि कॉपीराइट स्ट्राइक (खात्यावर नोंदला जाणारा हक्कभंगाचा ठपका) या वेगळ्या गोष्टी आहेत. दाव्यावर हरकत घेता येते आणि हक्कधारकाला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात. मात्र हरकत फेटाळली गेल्यावरही वाद ताणला तर स्ट्राइक येऊ शकतो, आणि 90 दिवसांत असे तीन झाले की खातेच बंद होते.

सभागृहातील जाहीर खेळासाठी 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते. घरी दहा-बारा ओळखीच्या माणसांना दाखवणे वेगळे आणि पत्रके वाटून गाव बोलावणे वेगळे. दृश्यांच्या परवानगीचे पत्र वाहिनी आणि निर्मितीसंस्था अशा दोघांनाही पाठवावे, कारण मालकी कराराप्रमाणे बदलते. पत्रात भाग, प्रसंग आणि सेकंद नेमके लिहावेत. मोघम पत्राला उत्तर येत नाही.

प्रतिसाद

कॅसेटांपुरते लिहितो. ती पांढरी पूड म्हणजे बहुधा बुरशी. आपल्या दमट हवेत, विशेषतः बंद कपाटात, ती हटकून धरते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नये. फीत वाचणारे हेड तर खराब होतेच, शिवाय त्याच यंत्रात पुढे घातलेल्या चांगल्या कॅसेटांनाही लागण होते. बुरशीच्या कॅसेटा आजच वेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि साफसफाई माहितगाराकडून करून घ्या. उरलेल्यांपैकी कमी महत्त्वाची कॅसेट आधी चालवून यंत्र नीट आहे ना, ते पाहा. संगणकावर घेताना पाल पद्धत, म्हणजे सेकंदाला 25 चौकटी, निवडा आणि मूळ प्रत इंटरलेस्डच (चित्राच्या ओळी एकाआड एक नोंदवलेली) ठेवा; सफाईदारपणा संकलनाच्या वेळी आणता येतो. पॉजमुळे उडणारे चित्र दुरुस्त करू नका, असा माझा आग्रह राहील. काकींचा हात तेथेच दिसतो.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बुरशीच्या कॅसेटा वेगळ्या केल्या आहेत. शीर्षकगीत काढून टाकले असून पत्रांसाठी प्रसंगांची यादी करीत आहोत. सभागृहाचा बेत तूर्त बाजूला ठेवून मुलाखती दिलेल्यांना आमच्याच पडवीत माहितीपट दाखवू. एक शंका उरते: त्या दोन शेजारणींपैकी दुसरीने बोलताना एका मालिकेचे आणि तिच्या निर्मात्यांचे नाव घेऊन बरीच कडक टीका केली आहे. ती टीका जशीच्या तशी ठेवून त्याच निर्मात्यांकडे दृश्यांची परवानगी मागायची, तर पत्रात त्याचा आधीच उल्लेख करावा का? असा प्रसंग कोणावर आला असल्यास कृपया कळवावे.