प्रसादाच्या पिशव्या कुणाकडून घ्यायच्या?

सेक्रेटरी: काल जे शिवण केंद्रात गेले होते त्यांनी कृपया लिहावं. गणपतीच्या १५० पिशव्यांची ऑर्डर उद्यापर्यंत द्यायची आहे.

बी-३०२ काकू: आम्ही तिघी जाऊन आलो. व्हॉइस मेसेज नको म्हणालात म्हणून टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या. वाघोडिया रोडच्या आत, एका दुकानावरची खोली आहे. सात पायमशिनी, एक जुकी (कारखान्यातलं विजेचं वेगवान मशीन), एक कडा बांधायचं ओव्हरलॉक. चौदा-पंधरा बायका. बऱ्याच जणी चार घरची धुणीभांडी उरकून येतात, म्हणून वर्ग १ ते ४. चारला सगळ्या उठतातच, तेव्हा नळाला पाणी येतं.

आपण जुन्या साड्यांची दोन गाठोडी नेली होती. चालवणाऱ्या बाईंनी ठेवून घेतली, मग मागचं कपाट उघडून दाखवलं. वरपासून खालपर्यंत गाठोडीच! म्हणाल्या, "बेन, ह्यांच्यावर हात बसतो, ते खरंच. पण हात बसल्यावर काम कोण देणार?" मला तर कुठे बघू असं झालं.

ए-१०४ वहिनी: त्यात माझ्या दोन साड्या जवळजवळ नव्या होत्या हं.

बी-३०२ काकू: त्या लगेच बाजूला काढल्या. जरीचे काठ आहेत ना, नवरात्रासाठी चणिया, म्हणजे घागरे करणार आहेत.

सी-२०१: शिकवतात कसं पण? नुसतं फॉल-पिको?

बी-३०२ काकू: नाही रे. आधी काही दिवस दोराच नाही! रेघांच्या कागदावर नुसती सुई चालवायची. रेघ सरळ आली की गोल, मग कोपरे. नंतर परकर, झबलं, शेवटी ब्लाऊज. कटोरी जमली की बाई सुटली म्हणतात. ज्यांना कारखान्यात जायचंय त्यांना जुकीवर बसवतात, कारण पायमशिनीच्या हाताला तो वेग झेपत नाही, पाय टेकला की कापड पळतं. मी बसून बघितलं, टीप थेट माझ्या ओढणीतून गेली. सगळ्या हसल्या. एक जण मकरपुऱ्याला कारखान्यात लागली होती, महिन्यात परत आली. सुटायला आठ वाजायचे, घरी सासू अंथरुणाला खिळलेली.

ए-३०३ आजोबा: बडोद्याला हे नवं नाही. महाराणी चिमणाबाईंनी १९१४ साली स्त्री उद्योगालय काढलं. त्याआधी १९०६ मध्ये सयाजीराव महाराजांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलींनासुद्धा. आमची आई उद्योगालयात शिवण शिकली, आमच्या मुंजीचे कपडे तिनेच

ए-३०३ आजोबा: बोट लागून अर्धाच गेला. तिनेच शिवले.

बी-१०१: आजोबा, ते छानच. पण दराचं बोला. मांडवीच्या बाजारात पिशवी १८ला मिळते. ह्या ४५ सांगतात. १५० पिशव्यांना ४,०५० रुपये जास्त!

बी-३०२ काकू: मांडवीची ती कापडासारखी दिसते एवढंच, आहे प्लास्टिकच. ४५चा हिशोब मी विचारला. कापड २०, छपाई ८, शिलाई १२, उरलेले ५ दोरा, वीज, भाडं. सराईत बाई दुपारभरात दहा पिशव्या करते. म्हणजे तिला १२० रुपये. ह्यातून काय कमी करू सांगा.

बी-१०१: मी घासाघीस करा म्हणत नाहीये. वर्गणी सगळ्यांची आहे म्हणून विचारलं.

ए-१०४ वहिनी: लाइटिंगच्या बिलाला कोणी विचारलं नव्हतं 🙂

वॉचमन केबिन: सफेद गाडी गेटसमोर आहे, टँकर उभा आहे. कृपया काढा.

सी-२०१: माझीच, सॉरी. एक सांगतो. पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम येतं. २०२३पासून आहे. अवजारांसाठी १५,०००पर्यंत ई-व्हाउचर, प्रशिक्षणात दिवसाला ५००, पहिलं कर्ज १ लाखापर्यंत ५ टक्क्यांनी. घरटी एकालाच मिळतं.

बी-३०२ काकू: त्यांना ठाऊक आहे. दोघी फॉर्म भरायला गेल्या होत्या. आधारला नवऱ्याचा मोबाइल नंबर, नवरा सुरतेला, ओटीपी तिकडे. फोन उचलत नाही.

सी-२०१: नंबर बदलता येतो की. शनिवारी मी दोघींना घेऊन आधार केंद्रात जातो. अंगठा लागतो, त्यांना स्वतः यावं लागेल. आणि शनिवारची घरकामं?

बी-३०२ काकू: एक माझ्याकडेच येते, बाबा. मी घासीन भांडी.

सेक्रेटरी: तर पिशव्या? १०० तिथून, ५० मांडवीतून असं करू का?

ए-१०४ वहिनी: मग कापडी कुणाला आणि ती दुसरी कुणाला? आरतीला भांडणं लावाल.

बी-१०१: बरं, सगळ्या १५० तिथून घ्या. पण बंद मजबूत पाहिजे. मागच्या वर्षी नारळासकट तुटला होता, आमच्या पायावर.

बी-३०२ काकू: नमुना आणलाय. संध्याकाळी ७ला लिफ्टजवळच्या टेबलावर ठेवते. दोन किलो तांदूळ घालून ठेवेन, उचलून बघा. तांदूळ परत हवेत.