'स्पॅनिश लेडीज'ची चाल मूळची कुठली?

खारावारा: सध्या जुन्या खलाशी गाण्यांच्या मागे लागलोय. इंग्लिश 'स्पॅनिश लेडीज' ऐकलं, मग न्यूफाउंडलंडचं 'द रायन्स अँड द पिटमन्स', मग ऑस्ट्रेलियातलं 'ब्रिस्बेन लेडीज', तिन्हींची चाल जवळपास तीच आणि तिसऱ्यात तर समुद्रच नाही, गुरं हाकणारे आहेत! मूळ कोणतं हे ठरवतात कसं? राउड नंबर (लोकगीतांच्या सूचीतला क्रमांक) सारखाच असला की चालही एकच धरायची का?

जुनीतबकडी: अजिबात नको. राउड इंडेक्स शब्दांवरून लावलाय, चालीवरून नाही. एकाच नंबरखाली चार चाली सापडतील आणि एकच चाल चार नंबरांत.

शीडवाला: तुझ्या केसमध्ये शब्दच पुरावा देतात. इंग्लिश गाण्यात जहाज इंग्लिश चॅनेलमधून वर येतं तेव्हा दिसणारी किनाऱ्यावरची टोकं ओळीने येतात, पहिलं डेडमन, पुढे पोर्टलंड, वाइट वगैरे, आणि ऑस्ट्रेलियन गाण्यात त्याच जागी, त्याच वाक्यरचनेत पहिला मुक्काम कुठला, मग कॅबूल्चर, किल्कॉय असे गुरांच्या वाटेवरचे थांबे. नुसती चाल उचलली असती तर हा साचा आला नसता. शिवाय कादंबरीकार कॅप्टन मॅरियटने १८४० मध्येच इंग्लिश गाणं छापलंय.

रहाटगडी: चाल जुळली म्हणजे नातं सिद्ध, असं मात्र नाही हां. 'ड्रंकन सेलर' आणि आयरिश 'ओरो शे दो वाहा वाल्या' सारखे वाटतात, पण कोणी कोणाकडून घेतलं हे नुसत्या कानावरून कसं सांगणार? त्यात शँटी म्हणजे कामाचं गाणं, शीड चढवताना ठरावीक जागी ओढ लागते, नांगराच्या रहाटाभोवती फिरताना सलग ठेका लागतो, म्हणून गाणारा चाल हवी तशी ताणायचा नाहीतर तोडायचा. वर अमेरिकेतल्या मोबील बंदरात कापसाचे गठ्ठे जहाजात ठासणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांची गाणी खलाशांनी उचलली, त्यामुळे सगळं मूळ ब्रिटनमध्येच शोधणं मला तरी पटत नाही.

जुनीतबकडी: +१. आणि छापील नोटेशनवर फार विसंबू नकोस. लोकगीतं गोळा करणाऱ्या सेसिल शार्पने १९१४ मध्ये इंग्लंडमधल्या वॉचेटच्या जॉन शॉर्ट या खलाशाकडून ढीगभर शँटी उतरवून घेतल्या, पण कागदावर एकच चाल पक्की होते, गाणारा दर कडव्याला थोडी बदलतो. कार्पेंटर या अमेरिकन संग्राहकाने १९२८ नंतर म्हाताऱ्या खलाशांचे आवाज डिक्टाफोनवर घेतलेत, खरखर खूप आहे पण तेच ऐक.

खारावारा: हे कुठे मिळतील?

जुनीतबकडी: व्हॉन विल्यम्स मेमोरियल लायब्ररीच्या (लंडनमधली लोकगीतांची लायब्ररी) साइटवर, फुकट. हेडफोन लाव, नाहीतर काही कळणार नाही.